मुकादम माडीवर आहेत

मुरघासाचा वास साबणाने जात नाही. आंबट, गोडसर, थोडा कुजका, आणि मागे कुठेतरी दारूची झाक. कुवेतमध्ये ज्या गोठ्यावर मी दाण्याचा कोठीवाला होतो, तिथे हा वास माझ्या सदऱ्याला, उशीला आणि हातातल्या रोटीलासुद्धा येत असे. पुढे तोच वास एका माणसाला चिकटवला गेला आणि त्याचं काम गेलं. चिकटवण्यात माझा हात होता. हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. बोलायला बसलं की मी दुसरंच काहीतरी बोलतो, म्हणून आता लिहून बघतो.

मी रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचा. आमच्याकडचे निम्मे पुरुष बोटीवर आणि उरलेले आखातात, तसा मीही मामूच्या ओळखीने कुवेत सिटीतल्या एका धान्याच्या वखारीत लागलो. पन्नास सालानंतरचा तो सगळा काळ पोती मोजण्यात गेला. मग साठ साल उलटलं आणि वखारीच्या मालकाला गुरांचं वेड लागलं. त्याला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. परदेशात कुठेतरी त्याने मक्यावर पोसलेले बैल पाहिले होते. पाठ टेबलासारखी सपाट, मान उशीसारखी. तेलाच्या कंपन्यांमधल्या साहेबांच्या खाणावळींना असलं ताजं, चरबीदार मांस हवं होतं आणि मिळत होतं ते बर्फातलं. अरबाबने शहराबाहेर, सलव्याच्या पुढे, समुद्राच्या बाजूला वाळूत कुंपण घातलं, तिथल्या विहिरीवर मका पेरला, बोटीने आणि ट्रकने हाडकुळे बैल आणवले आणि मला वखारीतून उचलून तिथे नेऊन बसवलं. का, तर मला धान्य कळतं. मला धान्य पोत्यात कळत होतं. बैलाच्या पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, हे मला कुठून कळणार?

तिथे एक गोष्ट सरळ होत नसे. विहिरीचं पाणी मचूळ, त्यामुळे मका कमरेएवढा व्हायचा आणि पिवळा पडून उभाच राहायचा. वारा सुटला की गव्हाणीत भरड्याइतकीच वाळू. मक्याचा भरडा म्हणजे दाणे जाडसर भरडलेले. तो समोर ठेवला तरी बोटीतून आलेले बैल त्याच्याकडे असे बघायचे की जणू मी त्यांच्यापुढे खिळे ओतलेत. जन्मभर वाळकं गवत खाल्लेली जनावरं ती. अरबाबने मला एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. ती मी शब्द लावून लावून वाचली. त्या पुस्तिकेतल्या देशात बर्फ पडत होता आणि बैलांना थंडी वाजू नये म्हणून काय करावं, याची पानंच्या पानं होती. उन्हाने लोखंडी नळ धरवत नव्हता आणि मी ती पानं वाचत होतो.

अरबाब दर जुम्म्याला नमाजानंतर यायचा, कुंपणाला हात टेकून उभा राहायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "चढली का?"

म्हणजे चरबी. चढलेली नसायची.

मुरघासाचं काम मुकादमाकडे होतं. मुरघास म्हणजे हिरवा मका बारीक कापून, खड्ड्यात दाबून, हवा न लागू देता मुरवायचा. लोणचंच म्हणा ना गुरांचं. मुकादम आमच्याच खाडीच्या पलीकडच्या काठावरचा, जातीने भंडारी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. कुवेतला आला तो विहिरी खणायला. विहीर खणून झाली तेव्हा त्याने अरबाबला छातीठोक सांगितलं, मुरघास मी करतो, मुंबईकडे दुधाच्या गोठ्यावर सगळा माझ्याच हातचा असायचा. नंतर मला म्हणाला, "केला नव्हता रे. बघितला होता." तापट माणूस. दुसऱ्याचं ऐकून घेणं त्याला जमत नसे, आणि ऐकून घेतलंच तर दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं म्हणून सांगायचा. आमचं दिवसातून एकदा तरी वाजायचं. तरी त्या वाळूत माझ्या बोलीतलं कुणी मोठं माणूस होतं ते एवढंच.

अरबाबने त्याला सांगून ठेवलं होतं. हा पहिला खड्डा चांगला निघाला तर आणखी खणायचे आणि मुकादम कायम. नाही निघाला तर परतीची बोट, कारण त्याचा परवाना विहिरीच्या कामाचा आणि ते काम संपलेलं.

"भाय," तो मला म्हणायचा, "ह्या खड्ड्यात मका नाय, मी पडलोय असं समज. वर आलो तर माणूस, नायतर शेण."

खड्डा भरला त्या आठवड्यात सगळे थकून गेलो. मका कापायचा, थर पसरायचा, तुडवायचा, पुन्हा थर. गोडवा असला की चांगलं मुरतं, असं त्याने कुठेतरी ऐकलेलं. इथे गूळ कुठला, म्हणून खजुराचा काकवीसारखा रस, त्याला तिथे दिब्स म्हणतात, तो डब्यांनी ओतला. अरबाबचा मुनशी कमरेवर हात ठेवून बघत होता. हा उत्तर हिंदुस्थानातला, अरबी फर्डी बोलायचा, आणि अरबाबच्या आणि आमच्यामधला सगळा बोलण्याचा व्यवहार त्याच्याच तोंडून चाले.

"ये खजूर का शीरा किसलिए, मुकादम?"

"जनावर पहिली बार ससुराल आया है," मुकादम आपल्या हिंदीत म्हणाला. "मीठा नको क्या?"

वर ताडपत्री, ताडपत्रीवर वाळू, वाळूवर जुने टायर. मग दीड महिना वाट बघायची. मुकादम रोज त्यावरून चक्कर मारायचा आणि कुठे भेग दिसली की पायाने वाळू लोटायचा, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसा.

मधल्या काळात बैलांच्या पहिल्या खेपा कत्तलखान्याकडे जाऊ लागल्या. चरबी नव्हतीच, पण बाजारात मांस लागतंच. सकाळी ट्रक यायचा, आमची कोकणातली तीन-चार हमाल पोरं आणि इराणी गुराखी मिळून बैल फळीवरून वर चढवायचे. बैल हंबरायचे, पाय रोवून उभे राहायचे. त्या सकाळी मुकादम कुठेच दिसेना. माणूस कमी म्हणून मी शोधायला निघालो. आमच्या कोठाराला वर लाकडी मजला होता, शिडीने चढायचा. रिकामी पोती आणि मुकादमाचं अंथरूण तिथे असे. खिडकीतून खड्डा दिसायचा. त्या मजल्याला आम्ही दोघे माडी म्हणायचो. घरच्यासारखं वाटायचं म्हणताना.

तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. डोक्यावरून टॉवेल आणि टॉवेलावरून दोन्ही कानांवर हात.

"मुकादम, बरं नाही का?"

"ट्रक गेला?"

"जाईल आता."

"मग जाऊ दे. मग येतो." टॉवेल आणखी पुढे ओढून म्हणाला, "मी त्यांना घालतो. पुढचं तुमचं तुमी बघा. माज्यानं बघवत नाय."

"मग हे काम घेतलंत कशाला?"

"काम होतं म्हणून." मग एकदम माझ्याकडे वळला. "कुणाला बोलू नको हां, भाय. अरबाबला वाटायचं, ह्याला आमचं खाणं ओंगळ वाटतं. तसं नाय. तू खातोस, मी तुज्या बाजूला बसून जेवतोच की. पण तो आवाज..."

मी म्हटलं, "नाही बोलत." त्यात माझं काय जात होतं? आमच्या घरीही बकरी ईदला माझी धाकटी बहीण परसात जाऊन बसायची. ह्यात कुणाला तरी राग येईल हेच मला खरं वाटत नव्हतं.

पुढच्या खेपेला मुनशी ओरडत आला, "मुकादम कहाँ है?" मी शब्द देऊन बसलेला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि जे तोंडात आलं ते बोललो, "मुकादम माडी पर हैं."

हमाल पोरं जी हसत सुटली ती फळीवरून पडायची बाकी राहिली. मराठी माणसाला फोडून सांगायला नको. माडी म्हणजे वरचा मजला आणि माडी म्हणजे माडाची, चढणारी. त्यात मुकादम भंडारी, वाडवडील माड चढणारे. विनोद आयताच पडलेला होता. मी उचलला. कबूल करतो, मलाही हसू आलं आणि आपण हुशार आहोत असं वाटलं.

"हँसते क्यों हो?" मुनशीने विचारलं.

"माडी मतलब नारियल की ताडी, मुनशीजी," एक पोरगा म्हणाला. दुसरा अर्थ त्याने सांगितला नाही. मीही सांगितला नाही, कारण मग प्रश्न आला असता, ट्रक आल्यावरच हा वर का जातो? मुनशीही हसला. मला वाटलं, सुटलो.

मग ते रोजचंच झालं. ट्रक दिसला की कुणीतरी म्हणायचं, "मुकादम माडीवर!" एकदा त्याने वरूनच ऐकलं. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "मेल्यांनो, माज्या आज्याने माड चढून तुमच्या आज्यांना पाजली, तवा नाय कुणी दात काढले!" त्यावर तर सगळी वाळू हसली. त्याला त्या चेष्टेचं काही वाटत नसे. उलट ती त्याचा आडोसा होती. तिच्यामागे कान झाकून बसता येत होतं.

खड्डा उघडला तो दिवस मला आठवतो तो मुकादमाच्या चेहऱ्यासाठी. त्याने मूठभर मुरघास उचलला, हुंगला, दाबला, पुन्हा हुंगला आणि वेड्यासारखा हसला. "मुरलाय रे! रंग बघ!" रंग खरंच चांगला होता, हिरवट-पिवळा, मुरलेल्या कैरीसारखा. पण वास! इराणी गुराख्याने नाकाला रुमाल लावला आणि दोन पावलं मागे सरला. "शराब," तो म्हणाला. दिब्सचा गोडवा आणि आंबट चारा, दोन्ही मिळून तसा वास येत होता खरा.

आणि बैलांनी तो खाल्ला नाही.

एवढं सगळं करून बैलांनी तो खाल्ला नाही. हुंगायचे, फुर्र करून नाक उडवायचे आणि वळून उभे राहायचे. मुकादम त्यांच्या तोंडाशी मुठी नेऊन विनवण्या करायचा, मग शिव्या द्यायचा, मग पुन्हा विनवण्या. शेवटी मी वरून भरडा भुरभुरला तेव्हा भरड्यासाठी म्हणून तोंड घालू लागले आणि त्याबरोबर मुरघासही जाऊ लागला. इथे आमचं भांडण सुरू झालं. तो म्हणे माझा मुरघास खातात, मी म्हणे माझा भरडा खातात. बैलाच्या पाठीवर जरा मांस दिसलं की आम्ही दोघेही अरबाबपुढे छाती काढून उभे.

अशात अरबाबने सांगितलं की खाणावळीचे साहेब बैल बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडले तर वर्षाचं काम पक्कं. त्याने कुंपणाला हात टेकला आणि बैलांकडे बघून म्हणाला, "अजून हाडं दिसतात." माझ्याकडे बघून म्हणाला ते. मुकादमाकडे नाही.

मी भरडा वाढवला. एकदम वाढवला. मुरघास कमी केला, कारण त्याने पोट भरतं आणि मग भरडा उरतो. मुकादम भडकला.

"सगळा भरडाच घालतोस, मग माजा खड्डा कशाला? मला मुरवायला?"

"तुमचा खड्डा बैल हुंगतात, मुकादम. खातात ते माझं."

"बोल बोल. साहेब येऊ दे, सांगतो त्याला, हा दाणेवाला मला काम करू देत नाय!"

"सांगा. कुठल्या भाषेत सांगणार?"

हे मी बोललो. त्याला अरबी येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, हिंदी तुम्ही वर ऐकलीच आहे. तो घमेलं उचलून निघून गेला.

पुस्तिकेत एक पान होतं. धान्य हळूहळू वाढवावं, घाईने वाढवलं तर पोटात आंबतं आणि जनावर आजारी पडतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्यावर बर्फाबिर्फाचं काही नव्हतं. ते पान मी वाचलेलं होतं. नीट समजलेलंही होतं. मला वाटलं, इथे दुसरा देश, दुसरे बैल, साहेब यायच्या आत चार दिवस ओढून नेऊ. बैल भरडा खात होते, मागत होते. मागतोय त्याला नाही म्हणायची सवय आमच्या कोकणात कुणाला आहे?

मग एका सकाळी अर्धे बैल गव्हाणीकडे आलेच नाहीत. रवंथ बंद. शेण पातळ, राखाडी, आंबट वासाचं. काही पडून होते, पाय ताणून. आणि काही उभे होते ते चालायला गेले की झोकांड्या खात होते. एक बैल सरळ कुंपणावर जाऊन आदळला आणि तिथेच मान टाकून उभा राहिला. इराणी गुराखी हात वर करून माझ्याकडे ओरडला. काय ओरडला ते मला भाषेशिवाय कळलं: हे प्यायलेत.

दोन बैल दुपारपर्यंत मेले. ते हलाल करायलाही मिळाले नाहीत.

अरबाब मुनशीला घेऊन आला. मेलेल्या बैलांभोवती फिरला, खड्ड्याशी गेला, वाकून हुंगलं. मुकादम तिथेच होता, उघड्या तोंडावर ताडपत्री ओढत होता, कारण काही झालं तरी उघडा चारा हवेला ठेवायचा नाही, हे तो आपलं आपण शिकला होता. अरबाब परत आमच्याकडे आला. मुनशी हळू आवाजात त्याला बराच वेळ काहीतरी सांगत होता. मला काही शब्द कळले. दिब्स. खजूर. शराब. आणि त्या अरबी वाक्यांच्या मधोमध आमचा शब्द, माडी.

अरबाब माझ्याकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता, ओरडला नाही. माझ्याशी तो तुटक सोप्या अरबीत बोलायचा, मला समजेल असं.

"तुम्ही लोक ह्या माणसाबद्दल एक शब्द वापरता. त्याचा अर्थ काय?"

त्या क्षणी माझ्याकडे दोन अर्थ होते. एक शिडी चढून दाखवता आला असता: हे बघा, ही माडी, इथे तो बसतो. मग तो विचारणार, का बसतो? मग मला मुकादमाला दिलेला शब्द मोडावा लागणार. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी शब्द पाळला. आज ते राहू दे. शब्दाबिब्दाची मला तेव्हा आठवणही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर भरड्याची पोती होती आणि मला एवढंच कळत होतं की अरबाब अजून पोत्यांकडे बघत नाहीये.

मी म्हणालो, "आमच्याकडे झाडापासून काढतात. नशेचं पेय."

"आणि तो पितो?"

"लोक म्हणतात."

लोक म्हणजे मी.

मुकादमाला बोलावलं. मुनशीने त्याला हिंदीत सांगितलं की तू खड्ड्यात दारू गाळतोस, स्वतः पितोस आणि जनावरांना पाजलीस. मुकादमाला आधी तो विनोद वाटला. तो हसला. मग त्याने अरबाबचा चेहरा बघितला.

"मी? आवो मुनशीजी, गुरांचा चारा है वो! चारा!" मग मराठीत, "माडीच्या नावाने बोंबलतात काय रे हे? भाय, तू सांग ना त्याला माडी म्हणजे काय ते!"

"सांगितलं, मुकादम," मी म्हणालो.

"सांगितलंन ह्याने!" तो मुनशीला म्हणाला, एकदम धीर आल्यासारखा. "पूछो इसको! ये जानता है सब!"

मुनशीने माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे.

तो खूप बोलला त्यानंतर. मराठीत, हिंदीत, हातवाऱ्यांनी. मुठीत मुरघास घेऊन स्वतःच्या तोंडात घातला, चावून दाखवला, गिळला. मी जगलो तर बैल कसे मरतील, असं त्याचं म्हणणं. कुणाला ते समजलं नाही, आणि नशेत माणूस काहीही खातो असा त्याचा उलटा अर्थ लागला. ट्रकच्या दिवशी आपण वर माडीवर काय करत होतो, ते मात्र तो बोलला नाही. तेवढं एक वाक्य त्याने तोंडातून काढलं नाही, आणि मीही नाही.

आठवड्याच्या आत त्याला बोटीवर घालून दिलं. जाताना माझ्यावर राग नव्हता. मुनशीच्या नावाने जे जे येत होतं ते सगळं म्हणून झालं आणि मग मला म्हणाला, "रोज मुरघासाचा एकच काप काढ. कापलेलं तोंड लगेच झाक. सगळा उघडा टाकू नको, घाण होईल. ऐकतोस ना?"

मी ऐकत होतो. पण मुरघास पुन्हा बैलांपुढे घालायची कुणाची छाती नव्हती. खड्डा उघडाच राहिला. वाळवंटातल्या हवेत तो आठ-पंधरा दिवसांत वरून काळा पडला, मग आतून, आणि शेवटी हमाल पोरांनी नाकाला फडकी बांधून तो समुद्राच्या बाजूला नेऊन टाकला. भरडा मी गुपचूप कमी केला. उरलेले बैल सावरले. अरबाब म्हणाला, "बघ, तो गेला आणि जनावरं बरी झाली." मी मान हलवली. साहेब आले, बैल बघितले, बारीक आहेत म्हणाले आणि गेले. ते काम मिळालं नाहीच. मी ज्यासाठी हे सगळं केलं, तेही मिळालं नाही.

अरबाबचं गुरांचं वेड पुढच्या वर्षभरात उतरलं. मी परत वखारीत आलो.

काही वर्षांनी रजेवर गेलो तेव्हा होडीने खाडी ओलांडून त्याच्याकडे गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेलो होतो. काय बोलायचं ते होडीत मनात जुळवलेलंही होतं. त्याने मला बघितलं आणि घरात ओरडला, "अगो, आमच्या कुवेतचा भाय आलाय, च्या टाक!" शेजारपाजारच्यांना बोलावून मला दाखवलं. त्यांच्यापुढे मुनशीची नक्कल केली. "आणि हा," माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "हा एकटा माज्या बाजूने बोलला तिकडे."

मी चहा प्यायलो.

निघताना काठापर्यंत आला. मान खाली घालून, त्याच्या स्वभावात नसलेल्या आवाजात म्हणाला, "भाय, अरबाबला एकदा विचारून बघ ना. खड्डा नको, विहिरी नको. कायपण काम. तुज्या शब्दाला तिकडे वजन हाय."

"बघतो," मी म्हणालो.

कुवेतला परतलो आणि ह्या वेळी खरंच अरबाबच्या शहरातल्या कचेरीत गेलो. तोवर माझं अरबी सुधारलं होतं; मध्ये मुनशी लागत नव्हता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. भरडा मी वाढवला, पुस्तिकेतलं पान वाचलेलं असूनही वाढवला. माडी म्हणजे वरचा मजलाही. मुकादम दारूचा थेंबही घेत नव्हता.

अरबाब बराच वेळ आठवत राहिला. "कोण, तो विहिरीवाला?" मग म्हणाला, "मग तो वर करायचा काय?"

"ट्रक यायचा तेव्हा कान झाकून बसायचा. जनावरं नेताना त्याला बघवत नसे. तुम्हाला राग येईल म्हणून कुणाला सांगू नको म्हणाला होता."

"मला राग?" तो खुर्चीत मागे टेकला. "माझ्या आईला कुठे बघवायचं? ईदच्या सकाळी ती आतल्या खोलीत दार लावून बसायची. सांगितलं असतंस तर ट्रकच्या दिवशी सुट्टी दिली असती त्याला."

मी मुकादमाला परत बोलावण्याबद्दल विचारलं. अरबाब म्हणाला, आता गुरं कुठे आहेत? परवाने कडक झालेत, वखारीत माणसं जास्त आहेत. बघू. आणि फोन उचलला.

त्यानंतर दोनदा गावी गेलो. खाडी ओलांडली नाही. मागच्या खेपेला मुंबईत बोट धरताना धक्क्यावर त्याचा पुतण्या भेटला. ट्रंक उचलायला मदत करत म्हणाला, "काका विचारत होते, भायने बघितलं काय म्हणून."

"बघतोय म्हणून सांग," मी म्हणालो.